उन्हाळ्यात वाकळ, मिरगात परडं

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, आजरा-गडहिंग्लज-चंदगडच्या पट्ट्यात, गोधडीला वाकळ म्हणतात आणि परसबागेला परडं. दोन्हींचे दिवस ठरलेले आहेत. शिमगा झाला, सुगी उरकली, धान्य घरात आलं की वाकळीचं नाव निघतं. रोहिणी संपून मिरग तोंडावर आला की सुई खोचून ठेवायची आणि खुरपं हातात घ्यायचं. मुलं, म्हातारी माणसं, गुरं, सण, पाहुणेरावळे, लेकीची बाळंतपणं हे सगळं या दोन कामांच्या मधल्या जागेत बसवायचं.

घर आणि काम यांचा मेळ कसा घालावा, यावर हल्ली पुष्कळ बोललं आणि लिहिलं जातं. त्यातलं बहुतेक दिवसाच्या चोवीस तासांबद्दल असतं: सकाळचे किती तास कशाला, संध्याकाळचे किती कुणाला. या भागातल्या बायकांशी बोलत गेले तसं लक्षात आलं, की दिवसाचा असा हिशोब त्यांनी कधी मांडलेलाच नाही. त्यांचा हिशोब वर्षाचा असतो. आषाढात परडं बाईला सोडत नाही, तेव्हा वाकळ तिच्याकडे काही मागत नाही. चैत्रात वाकळ पसरते तेव्हा परडं उन्हानं मोकळं पडलेलं असतं. हे आपोआप जुळून आलेलं नाही. कुठलं काम कधी काढायचं, कुणावर सोपवायचं, काय पुढच्या साली ढकलायचं, हे ठरवणारं एक डोकं प्रत्येक घरात असतं. वाकळ दिसते, भाजी ताटात येते, पण त्यामागचा हा विचार दिसत नाही. मला त्याच्याबद्दल लिहायचं आहे.

उन्हाळ्यापासून सुरुवात करायला हवी, कारण वाकळीचं वर्ष तिथूनच सुरू होतं.

उन्हाळा मोकळा असतो असं शहरात वाटतं. इथं तो मोकळा नसतो. आजरा-चंदगडला मार्चपासून काजूची वेचणी असते. पापड, कुरडया, सांडगे, वर्षाची चटणी हे सगळं कडक उन्हातच व्हावं लागतं, आणि मिरच्या निवडून, वाळवून, डंकावर नेऊन आणण्यातच आठवडा जातो. मे महिन्यात धूळवाफेची भातपेरणी असते, म्हणजे पाऊस यायच्या आधी कोरड्या मातीतच भात पेरायचं. लग्नसराई असते. मुंबई-पुण्याची पोरंबाळं सुट्टीला आलेली असतात. या सगळ्यातून वाकळीच्या वाट्याला येते ती दुपार. जेवणं झाली, भांडी पालथी पडली, बाहेर पाय ठेवता येत नाही इतकं ऊन तापलं, की सोप्यात वाकळ पसरते. चार वाजता गुरं हंबरली की गुंडाळून भिंतीला टेकते.

आजऱ्याच्या पश्चिमेला एका घरी वाकळीचं काम पहिल्या दिवसापासून पाहायला मिळालं. सासू सत्तरीच्या पुढची, सून चाळिशीतली, आणि शेजारची एक बाई मदतीला. आदल्या दिवशी सोपा सारवून ठेवला होता. ट्रंकेतून जुनेरं निघाली. चार लुगडी, दोन सुती साड्या, एक धोतर, पोरांचे विरलेले सदरे. सासूनं एकेक कापड उजेडाकडे धरून दोन्ही हातांनी ताणून बघितलं. ताणल्यावर चरचरलं ते आतल्या थरात, टिकलं ते वर. धोतर मऊ पण कमजोर, म्हणून मधोमध. इरकली लुगड्याचा काठ अजून शाबूत होता, तो फाडून वेगळा काढला. तो पुढं कडेला मगजीसारखा लागणार होता.

मग पसरणं. हे एकटीचं काम नाही. खालचं लुगडं सगळ्यांनी मिळून चार कोपऱ्यांना धरून ताणलं, कारण खालच्या थरात एक चुणी राहिली तर वरचे सगळे टाके वाकडे जातात. कोपऱ्यांवर दगड ठेवले, एका कोपऱ्यावर वरवंटा. त्यावर दुसरा थर, तिसरा. सदऱ्यांचे तुकडे जिथं कापड विरलंय तिथं ठिगळासारखे बसले. वरचा थर घालताना सासू आणि सून यांचा पहिला आणि शेवटचा वाद झाला. सुनेला हिरवं लुगडं वर हवं होतं. सासू म्हणाली, "हिरवं उन्हात उडतंय. तांबडं घे." सून म्हणाली, "आत्ती, तुमचं तांबडं मी खाली घालते, म्हंजे अंगाला लागंल." तांबडं लुगडं सासूच्या आईचं होतं. ते खाली गेलं, अंगाच्या बाजूला.

लांब लांब टाक्यांनी सगळे थर टाचून घेतले, कडा आत दुमडल्या आणि खरी शिवण कडेपासून सुरू झाली. वाकळ कडेनं शिवत आत जातात: एक फेरा पूर्ण झाला की त्याच्या आत दुसरा, मग तिसरा, शेवट मध्यावर. मधून सुरुवात केली तर कापड कडेला सरकत जातं आणि वाकळीला पोट येतं. शिवणारी वाकळीवरच बसते. उजवा पाय दुमडलेला, डावा पसरलेला, तिच्या वजनानं कापड ताणलेलं राहतं. सुईवर चार-पाच टाके एका वेळी गोळा करायचे आणि मग सुई ओढायची. अधूनमधून सुई केसांतून फिरवायची, म्हणजे डोक्याचं तेल लागून ती कापडातून सळसळत जाते. दोरा हाताच्या लांबीएवढाच घ्यायचा. आळस करून लांब घेतला की त्याचा गुंता होतो आणि वाचवलेला वेळ दुपटीनं जातो.

सासूला आता सुईचं नाकं दिसत नाही. सकाळी नात बसून दहा-बारा सुया ओवून भिंतीवरच्या कापडाच्या गुंडाळीला टोचून ठेवते. दुपारी आजी त्या एकेक काढून वापरते. नातीचं काम पाच मिनिटांचं, पण त्यावर आजीची अख्खी दुपार चालते. या वयातही घरातल्या कामात आपला हात लागतो, ही गोष्ट त्या म्हातारीला किती मोलाची वाटते, ते तिच्याशेजारी बसल्यावर कळतं. म्हातारी माणसं सांभाळायची म्हणजे त्यांना बसवून ठेवायचं असं नव्हे, हे या घराला कुणी शिकवलेलं नाही.

पाच फूट बाय सात फुटांची वाकळ धरा. दोन ओळींत सेंटिमीटरभर अंतर ठेवलं, तर धावदोऱ्याची एकूण लांबी सव्वातीनशे मीटरच्या आसपास जाते. एक टाका वर, एक खाली असा सेंटिमीटरला एक धरला, तर टाके होतात ३२ हजारांच्या घरात. हे सगळं दुपारच्या दोन-तीन तासांत, रोज थोडं थोडं. एकटी बाई असेल तर एका उन्हाळ्यात एक वाकळ, दोघी-तिघी बसल्या तर दोन.

इथून दक्षिणेला कर्नाटकात वाकळीला कौदी म्हणतात. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात. पोर्तुगीज काळात आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आणि तिथून निसटून घाटावरच्या जंगलात आलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांची शिवणही कडेपासून आत जाते. चारी कोपऱ्यांवर त्या कापडाची घडी घातलेली त्रिकोणी फुलं लावतात, आणि फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. मुंबईच्या गीता खांडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर पुस्तक केलं, ते फ्रान्समधल्या प्रकाशनानं छापलं. आपल्याकडे मात्र या कलेची दखल एका वाक्यात आटोपते: आजीच्या मायेची ऊब. माया आहेच, कोण नाही म्हणतं? पण त्या ३२ हजार टाक्यांत कसब आहे, मोजमाप आहे, कुठलं कापड कुठं टिकेल याची जाण आहे. मायेचं कौतुक करता करता आपण कसबाची किंमत करायचं विसरलो, असं मला वाटतं.

मिरग निघतो जूनच्या ७-८ तारखेला. त्याच्या आधी वळवाचे दोन पाऊस झालेले असतात, माती ओली आणि भुसभुशीत असते. वाकळ झालेली असो वा नसो, ती गुंडाळून माळ्यावर जाते आणि बायका परड्यात उतरतात.

परडं म्हणजे घरामागची गुंठा-अर्धा गुंठा जागा. एका बाजूला गोठा, एका बाजूला उकिरडा, न्हाणीच्या सांडपाण्यावर केळी, अळू आणि कर्दळ. कुंपणाला शेवगा, कडीपत्ता, जास्वंद. बाकीची जागा पावसाळ्याची. दोडका, कारलं, पडवळ, काकडी, दुधी, भोपळा यांच्या बिया कुंपणाच्या आणि मांडवाच्या बुंध्याशी टोकायच्या. भेंडी, गवार, चवळी, अंबाडी, शेपू मोकळ्या जागेत. मधूनमधून झेंडू. भोपळ्याचा वेल गोठ्याच्या कौलांवर चढवतात, कारण जमिनीवर ठेवला तर तो इतरांची सगळी जागा खातो.

जून-जुलैत शेतात नाचण्याची लावण, भाताची भांगलण सुरू असते. दिवसभर बाई चिखलात वाकलेली. परड्याला मिळते ती सकाळची उजेड-अंधाराची वेळ आणि संध्याकाळी परतल्यावरची पंधरा-वीस मिनिटं. पण परडं घराला लागून आहे, म्हणूनच ते होतं. चुलीवर भाकरी असताना दोन वेल मांडवावर चढवता येतात. रडणारं पोर काखेत घेऊन भेंड्या तोडता येतात. शेताला जायचं म्हणजे घर सोडावं लागतं. परड्याला घर सोडावं लागत नाही. घरात लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असलेल्या बाईसाठी हा फरक फार मोठा आहे. शहरातल्या नियोजनकारांनी परसबागेकडे आधी या बाजूनं बघावं.

श्रावण लागेपर्यंत माळव्याचा बाजार बंद होतो, म्हणजे विकत आणणं थांबतं. भाद्रपदात परड्याची खरी कसोटी. ऋषिपंचमीला बैलांच्या श्रमाचं काही खायचं नसतं, त्यामुळे त्या दिवसाची भाजी हातानं लावलेलीच लागते: अळू, भेंडी, भोपळा, दोडका, काकडी. गौरी येतात त्या दिवशी कोल्हापूरकडे शेपूची भाजी आणि भाकरीचा नैवेद्य असतो. सणाच्या ताटात परड्याचा वाटा आधीपासून ठरलेला आहे. ज्या बाईनं वेळेवर शेपू टाकला नाही तिला गौरीला बाजारातून आणावा लागतो, आणि ते तिला आवडत नाही.

पावसाळ्यात वाकळ फक्त वापरली जाते, आणि तिचे हाल होतात. कोंदट हवेनं तिला कुबट वास येतो. घरात बाळंतीण असेल तर आणखी पंचाईत, कारण बाळाची दुपटी दिवसाला सात-आठ ओली होतात आणि ऊन तर महिनाभर नसतं. शेगडीत निखारे घालून, वर बांबूची दुरडी पालथी ठेवून, तिच्यावर दुपटी वाळवायची. हे काम आजीचं, कारण निखाऱ्याशेजारून उठून चालत नाही. बाळाचं पहिलं दुपटं नेहमी जुनेराचं असतं. नवं कापड कांजीनं कडक असतं, बाळाच्या अंगाला टोचतं. शेकडो वेळा धुतलेलं लुगडं टोचत नाही. बाळंतविड्यात टोपडी-झबली नव्या कापडाची चालतात, दुपटं मात्र जुन्याचं.

पाऊस सरला की घट बसायच्या आधी अंथरूण-पांघरूण धुवायचं. या दोन-तीन दिवसांत हिरण्यकेशीचा काठ वाकळींनी भरून जातो. ओली वाकळ एका बाईला उचलत नाही. दोघींनी दोन टोकं धरून पिळायची, मग खडकावर पसरायची. पावसानंतरचं ऊन चटके देतं, संध्याकाळपर्यंत ती कडकडीत वाळते. धुतल्यावर धावदोऱ्याच्या ओळी आखडतात आणि कापडाला बारीक सुरकुत्या पडतात. हवा धरते ती या सुरकुत्यांत, म्हणून जुनी वाकळ नव्या वाकळीपेक्षा उबदार. कुणाची कुठं उसवली, कुठं ठिगळ लागणार, हे नदीवरच ठरतं. ते काम पुढच्या उन्हाळ्याच्या यादीत जातं. यादी कागदावर नसते.

दसऱ्याला परड्यातला झेंडू उतरतो. मग ओल असेपर्यंत वाफे करून मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, लसूण, वांगी, मिरची. पावटा मांडवावर. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी होते, तेव्हा पावटा, वांगं, ओला हरभरा लागतो. त्याची तयारी दसऱ्यापासून.

थंडीत आणखी एक काम चालतं, बी धरण्याचं. वेलावरचा सगळ्यात चांगला दोडका तोडायचा नाही, तो वेलावरच वाळू द्यायचा. पहिल्या बहाराचा घ्यायचा नाही, शेवटचा किडका घ्यायचा नाही, मधला घ्यायचा. बी राखेत कालवून मडक्यात किंवा वाळलेल्या भोपळ्यात भरायचं आणि चुलीवरच्या माळ्यावर ठेवायचं. धूर आणि राख दोन्ही किडीला लांब ठेवतात. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचं काम याच घरगुती रिवाजातून उभं राहिलं. घराशेजारच्या जागेत देशी वाण जपता जपता, ‘बाएफ’ संस्थेच्या मदतीनं त्यांनी बीज बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांना पुरस्कार मिळाल्याचा आनंद आहे. पण तीच निवड, तीच राख, तेच मडकं गावोगावच्या हजारो माळ्यांवर आहे आणि त्याला आपण सवय म्हणून सोडून देतो.

थंडीच्या याच महिन्यांत इथल्या शिवारात दुसरी वाकळही येते. दसरा-दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडणीच्या टोळ्या निघतात आणि कोल्हापूरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोडायचं. उसाच्या पाचटाच्या खोपीत जमिनीवर अंथरायला आणि अंगावर घ्यायला घरून आणलेल्या गोधड्या. पहाटे फडात जायचं, तान्हं पोर बांधावर गोधडीत. परतणं पाडव्याच्या आसपास. म्हणजे हिवाळी परडं या बायकांच्या वर्षात नाहीच. मेथीचा वाफा नाही, पावट्याचा मांडव नाही, बी धरणंही अर्धवट, कारण वेलावर वाळणारा दोडका राखायला घरी कुणी नसतं. ऋतूंप्रमाणे काम वाटून घेण्याची जी गोष्ट मी सांगते आहे, तिला किमान बारा महिने एका जागी राहता येणं लागतं. थोडी जागा लागते, थोडं पाणी लागतं. ज्या बाईकडे हे नाही, तिला वर्षाचा मेळ घाला म्हणून सांगण्यात अर्थ नाही.

आजरा-चंदगडच्या बायकांनीही हे सगळं सुखासुखी केलेलं नाही. इथले कितीतरी पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत होते. वळकटीत वाकळ बांधून गडी मुंबईला जायचा, गाळ्यात दहा-पंधरा जणांत तीच अंथरायचा, आणि गावी बायको शेत, गुरं, सासू-सासरे, पोरं आणि परडं एकटी सांभाळायची. मनीऑर्डर यायची तोपर्यंत मीठ-मिरचीचं भागायचं. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, मनीऑर्डरी थांबल्या, माणसं परत आली. त्या वर्षांत कितीतरी घरांत भाजीवर पैसा गेला नाही तो परड्यामुळं, हे आज साठी-सत्तरीतल्या बायका सांगतात. सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान असतो आणि थकवाही असतो. आपण दोन्ही ऐकायला हवं.

तो थकवा आकड्यांतही दिसतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरातलं बिनमोबदला काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८ मिनिटं. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. बायकांची १० मिनिटं कमी झाली म्हणून पुरुषांची वाढली, असं घडलेलं नाही. त्यांचीही ९ कमी झाली. आणखी एक गोष्ट इथं महत्त्वाची. या सर्वेक्षणाच्या वर्गवारीत फाटकं कापड सांधणं हे घरकामात धरतात, पण स्वतःच्या घरासाठी भाजी पिकवणं आणि कापडाची नवी वस्तू तयार करणं हे वेगळ्या रकान्यात, घरच्या वापरासाठीच्या उत्पादनात येतं. म्हणजे वाकळ आणि परड्याचा वेळ त्या २८९ मिनिटांच्या वर. देशाच्या हिशोबाच्या नियमानुसार हे उत्पादन आहे. घरात मात्र त्याला "दुपारी जरा बसली होती" म्हणतात.

गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत वाकळीचं कापड बदललं. सुती लुगडी गेली, धुवायला सोप्या आणि टिकाऊ कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या. नेसणारीला त्यांनी सुख दिलं, त्याबद्दल तक्रार नाही. ओलं नऊवारी पिळून पिळून मनगटं गेलेल्या बायकांनी त्या आनंदानं घेतल्या. वाकळीला मात्र त्या मानवत नाहीत. थर एकमेकांवरून घसरतात, टाका धरत नाही, घाम शोषला जात नाही, उन्हाळ्यात अंगाला चिकटते. आता बायका आत कृत्रिम आणि दोन्ही बाजूंना सुती असा मार्ग काढतात. सुती जुनेर मिळवायला त्या नातेवाइकांत सांगून ठेवतात. पूर्वी बोहारीण आली की भांड्याच्या बदल्यात कपडे जात. आता सुती लुगडं तिला कुणी देत नाही.

ऋतूही जागचे हलले. २०२५ साली मान्सून २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. हवामान खात्याच्या १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. मे महिन्यातच पावसानं झोडपल्यावर धूळवाफेच्या पेरण्यांची पंचाईत झाली. वाळवणं भिजली. अर्ध्यावर आलेल्या वाकळी तशाच गुंडाळून ठेवाव्या लागल्या, कारण वाकळीचे शेवटचे पंधरा दिवस पावसानं घेतले. दुसऱ्या टोकाला ऑक्टोबरातही पाऊस रेंगाळतो, मग धुणं लांबतं आणि मेथीचे वाफे वाहून जातात. बाईच्या डोक्यातली वर्षाची मांडणी ज्या ठरलेल्या तारखांवर उभी होती, त्या तारखाच सरकल्या की दोन हंगामांची कामं एकमेकांच्या अंगावर येतात. शेतीच्या नुकसानीचे पंचनामे होतात. या नुकसानीचा पंचनामा नसतो.

तरीही कामं चालू आहेत, आणि नव्या तऱ्हेनंही चालू आहेत. राज्याच्या ‘उमेद’ अभियानानं ‘माझी पोषण परसबाग’ मोहीम चालवली. तिच्यामुळे बचत गटांतल्या तरुण सुनांनी परड्यात गोल आळ्यांचे वाफे केले, ज्यात आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात भाग पाडलेले असतात. सासवा आधी हसल्या, मग आपलं बी काढून दिलं. वाकळींचंही तसंच. बचत गटांच्या वाकळी ‘महालक्ष्मी सरस’सारख्या प्रदर्शनांत मुंबईला जातात. शहरातल्या गिऱ्हाइकाला फिके रंग, सारखी चौकटीची ठिगळं, हलकं वजन हवं असतं. ते बायका शिकल्या. भावाची घासाघीस मात्र त्यांना जिव्हारी लागते. रोज तीन तास धरून महिनाभर काम केलं तर ९० तास होतात. त्याला शेतमजुरीच्या तासाचा साधा भाव लावून बघा आणि मग प्रदर्शनात ज्या किमतीला "महाग आहे" म्हणतो, ती आठवा. गडहिंग्लजच्या बाजूच्या एका गटातली बाई म्हणाली, "विकायची वाकळ मी मशिनीवर शिवते. हातची घरात ठेवते. हातच्या वाकळीला भाव कोण देतंय?" तिचा निर्णय व्यवहाराला धरून आहे. पण हातानं शिवणाऱ्या पुढच्या पिढीला मग शिकायचं कारण काय उरतं?

म्हणून वाचकांना काही सांगायचं आहे. दिवाळीच्या साफसफाईत जुन्या साड्या काढाल, तेव्हा सुती तेवढ्या वेगळ्या ठेवा. तुमच्या घरात शिवणारं कुणी नसलं तरी ओळखीत असतं. बाल्कनीतल्या दोन कुंड्यांत का होईना, मेथी टाका, ती तीन-चार आठवड्यांत हाताशी येते. घरात शिवणारी, लावणारी बाई असेल तर तिच्या दुपारीला काम म्हणा आणि त्या वेळात चहा-पाण्याचं स्वतः बघा. हातची वाकळ विकत घेणार असाल तर भाव पाडू नका. आणि ती जूनमध्ये मागू नका. फाल्गुनातच सांगून ठेवा, थोडे पैसे आगाऊ द्या, म्हणजे शिवणारीला ती मिरगाच्या आत पुरी करता येईल.